चहाचा चोथा आणि माझ्या कुंड्या

आधी माझा पराक्रम सांगते. चहा गाळला की गाळणीतला गरम चोथा तसाच कुंडीत उपडा करायचे, म्हटलं फुकटचं खत आहे, कशाला वाया घालवा. चार दिवसांत मुंग्यांची रांग, मग चिलटं, आणि वर पांढरी बुरशी. गुलाब बिचारा तसाच उभा.

चूक साखर-दुधाची होती. आता चोथा दोन-तीन पाण्यांनी धुते, पाणी स्वच्छ यायला लागलं की पिळून जुन्या ताटात पसरते आणि कडक उन्हात वाळवते, अगदी बोटांनी चुरला तर कुरकुरला पाहिजे इतका. चोथा ओलसर असतानाच डब्यात भरलात तर झाकण उघडल्यावर जो वास येतो तो विचारू नका.

चहाच्या पानात नायट्रोजन बऱ्यापैकी असतो पण तो लगेच झाडाला मिळत नाही, मातीतले जिवाणू चोथा हळूहळू कुजवतात तेव्हा कुठे मिळतो, त्यामुळे आठवड्यात चमत्कार होणार नाही. खरा फायदा मला मातीत दिसला, आधी पाणी घातलं की दगडासारखी व्हायची ती आता भुसभुशीत झालीये.

मध्यम कुंडीला महिन्यातून एक मूठ, तीही वरच्या मातीत खुरप्याने मिसळून. वर जाड थर दिला की वाळून त्याची पापडी होते आणि पाणी खालीच उतरत नाही. टी बॅग असेल तर फाडून फक्त पत्ती घ्या, बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिक असतं. उरलेला चोथा मी कंपोस्टमध्ये ढकलते, सोबत सुका पालापाचोळा मात्र भरपूर.