पालथी काच

पालथ्या घड्यावर पाणी, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, बहुतेक वेळा माझ्याबद्दलच. पण नॅनोटेक्नॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला कळलं की काही गोष्टी पालथ्या घातल्या तरच उगवतात.

झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड, म्हणजे अतिसूक्ष्म दांडे, वाढवायचे होते. झिंक नायट्रेट आणि हेक्झामिन, दोन्ही 25 मिलीमोलर, पाण्यात विरघळवायचं, त्यात काचेची पट्टी ठेवायची आणि ओव्हनमध्ये 90 अंशांवर तीन तास विसरून जायचं. बस! पट्टीच्या एका बाजूला आधीच झिंक ऑक्साइडचा पातळ थर दिलेला असतो, तेच बी. आम्ही ती बाजू वर ठेवली, कारण रोप वरच वाढतं ना. तीन तासांनी बघतो तर पट्टीवर नुसता पांढरा गाळ, पाण्यात आपोआप झालेले कण सगळे आमच्या शेतावर येऊन बसलेले. बी खालच्या बाजूला ठेवा, असं मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

पुढच्या आठवड्यात काच पालथी. हेक्झामिन गरम पाण्यात सावकाश मोडतं, थोडाथोडा अमोनिया सोडतं आणि त्या धीम्या चालीनेच रॉड वाढतात, त्यामुळे झाकण काढल्यावर आलेला वाससुद्धा चक्क बरा वाटला. पट्टी धुतली, वाळवली, आणि दिसलं काय, तर कोणीतरी काचेवर श्वास सोडल्यासारखं धुरकट काहीतरी! साध्या मायक्रोस्कोपखालीही तेच. दिसणार कसं, रॉडची जाडी 100 नॅनोमीटरच्या आसपास आणि डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच मुळी 400 च्या पुढे.

मग सोन्याचा मुलामा देऊन पट्टी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये गेली. स्क्रीनवर आधी राखाडी मुंग्या, मग फोकस लागला आणि आम्ही गप्पच झालो. षटकोन, गच्च दाटीवाटीने उभे, माथे सपाट, कडा धारदार. एक रॉड आडवा पडला होता, त्याच्याही सहा बाजू शाबूत. आम्हाला पट्टीने सरळ रेघ मारता येत नाही आणि हे उकळायला आलेल्या पाण्यात, अंधारात, कोणी न सांगता.

सरांनी झूम कमी केला तर जंगलाच्या मधोमध टक्कल. वाकड्या, एकात एक घातलेल्या रेघा. अंगठ्याचा ठसा! बी लावण्याआधी कोणीतरी चिमट्याऐवजी हाताने काच उचलली होती. अंगठा कोणाचा, यावर ग्रुपमध्ये अजून एकमत नाही, पण माझा नाही.