दुकानातल्या टोमॅटोचं बी

जर्मनीला येताना बॅगेत चकल्या चालतात, मेतकूट चालतं, पण घोसाळ्याच्या चार बिया चालत नाहीत. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या बी-रोपांसोबत मूळ देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, म्हणजे कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. ताज्या फळांपैकी सूट आहे ती फक्त पाचांना: अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन. नवी कीड, नवा रोग शेतात घुसू नये म्हणून हे सगळं, आणि ते मला समजतंही. पण आईने राखेत घोळवून जपलेलं बी कस्टमच्या डब्यात पडताना बघितलं की समज जरा बाजूला राहते. कस्टमच्या बाई हसून, अगदी सौजन्याने बोलल्या. आपल्याकडच्यासारखं खेकसल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग मी दुकानातल्या भाजीकडे वळले. पिकलेला टोमॅटो चिरायचा, बिया वाटीत काढायच्या, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबू द्यायच्या. बीभोवतीचा बुळबुळीत थर बीला रुजू देत नाही. आंबवलं की तो सुटतो. धुवायचं, वाळवायचं, मार्चमध्ये खिडकीत पेरायचं. चेरी टोमॅटो सगळ्यात सोपे. सिमला मिरची लाल घ्यायची, कारण हिरवी म्हणजे कच्ची आणि तिचं बीही कच्चं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली लांब काकडी सोडून द्यायची, तिच्यात धड बी नसतंच.

आमच्याकडे शहराच्या कडेला भाड्याची बाग आहे, इथल्या भाषेत श्रेबरगार्टन. त्यासाठी १९८३ पासून वेगळा कायदा आहे. बाग साधारण ४०० चौरस मीटरच्या आत हवी आणि तिच्या एक तृतीयांश भागात भाजी-फळं लावलीच पाहिजेत. नुसती हिरवळ करून खुर्च्या टाकल्या तर अशा बागांच्या वसाहतीचं पत्र येतं. हा नियम मला मनापासून आवडतो. आपल्या फार्महाऊसवाल्यांना तो एक वर्ष लावून बघायला हवा.

पण याच वसाहतीत, रोपं दुकानातल्या टोमॅटोची आहेत हे कळलं की जो तो थांबून सांगतो, ‘ते एफ-वन असतं, त्यातून काही यायचं नाही.’ कुंपणापलीकडचे आजोबा सांगतात, त्यांची सून सांगते, पाण्याचं मीटर बघायला येणारा गृहस्थही सांगतो. न विचारता, हातातलं काम सोडून. बरं, त्यांची रोपं येतात कुठून? नर्सरीतून, कुंडीसकट. बी पेरण्याचे कष्ट मी घेणार आणि बियांचं शास्त्र मला हे शिकवणार!

शास्त्र मलाही ठाऊक आहे. एफ-वन म्हणजे दोन निवडक वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी, सगळी एकसारखी. तिचं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. काही नातवंडं आजीवर जातात, काही आजोबांवर, काही कोणावरच नाही. मेंडेलने ब्रनोच्या मठात वाटाण्यांवर हेच पाहिलं आणि १८६६ साली छापलं. म्हणजे ‘काही येत नाही’ हे खोटं. येतं, फक्त पाकिटावरच्या चित्रासारखं येत नाही. माझ्याकडे एकाच टोमॅटोच्या बियांतून एक झाड गोड निघालं आणि त्याला खेटून एक आंबट, जाड सालीचं. आंबटाचं सार केलं. मला बाजारात विकायचे नाहीत, मग एकसारखे कशाला हवेत?

अशा वेळी मी राहीबाई पोपेरेंचं नाव काढते. अकोले तालुक्यातली, शाळेत न गेलेली बाई गावठी वाणांची बँक उभी करते आणि २०२० ची पद्मश्री मिळवते. आपल्या २००१ च्या कायद्यात शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क लिहून दिलेला आहे, हेही ऐकवते. संकरित बी विकणाऱ्या जालन्याच्या बियाणे कंपन्यांविषयी मात्र बोलत नाही. माझ्या काकांनी कित्येक वर्षांत घरचं बी पेरलेलं नाही, दर हंगामाला पाकीटच आणतात, हे जर्मन आजोबांना सांगायची काय गरज?

आजोबांचं एक मात्र खरं ठरलं. काचघरासाठी तयार केलेले हे वाण उघड्यावर, पावसात करप्याला लवकर बळी पडतात. डोक्यावर छप्पर हवंच. आणि ‘आइसहायलिगन’, म्हणजे ११ ते १५ मेचे थंडीचे संत, उलटेपर्यंत रोप बाहेर काढायचं नाही. आपल्याकडे मृगाची वाट बघतात, इथे या संतांतल्या शेवटच्या सोफीची.

झुकिनीच्या बाबतीत तर मी वादच घालत नाही. आसपास कोणी शोभेचे भोपळे लावलेले असले, तर परागीभवनातून झालेल्या घरच्या बीतून कडू फळ येऊ शकतं, आणि तो कडूपणा म्हणजे कुकुरबिटासिन हे विष. शिजवून ते जात नाही. दर उन्हाळ्यात इथे सूचना देतात की कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि फळ फेका. आमची आजी दुधी चिरताना नेमकं हेच करायची, कुठल्या संस्थेने न सांगता. भोपळावर्गीयांचं बी मी विकतच घेते.

सगळ्यात कमी कटकटीची शेती किराणा दुकानातली. धणे लाटण्याने हलकेच फोडून पेरले की कोथिंबीर येते, पण जूनमध्ये इथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि लांब दिवस लागला की ती तुरा काढून मोकळी होते. म्हणून एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरायचे; खाली पोळीइतक्या जाडीची माती असली तरी पुरते म्हणाल तर नाही, चांगली वीतभर हवी. आल्याचा डोळे आलेला तुकडा कुंडीत, घरात, खिडकीपाशी. ऑक्टोबरात बाहेर राहिला तर गेला.