ट्रेलर ओढायला गाडी: दारावरच्या स्टिकरपासून काट्यापर्यंत

फेब्रुवारी

ट्रेलर आधी ठरला आणि गाडी मागून शोधायला लागलो. उलटा क्रम आहे, पण झालं खरं. ट्रेलर बावीस फुटी, आत राहता-झोपता येईल असा कॅम्पिंगचा. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, गॅसच्या टाक्या धरून ५,००० पाउंडांच्या आसपास जाईल. माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि उन्हाळ्यात साताऱ्याहून येणाऱ्या सासूबाई. राहतो डेन्व्हरजवळ, म्हणजे कुठेही निघालं तरी घाट आलाच. दारातली होंडा ओडिसी ३,५०० पाउंडांच्या वर ओढत नाही, त्यामुळे तिचा विचार पहिल्याच दिवशी संपला.

मग नवऱ्याने यादी केली: होंडा पायलट, टोयोटा हायलँडर, किआ टेलुराइड. तिन्ही सात-आठ माणसांच्या, योग्य मॉडेल घेतलं तर तिन्ही ५,००० पाउंड ओढणाऱ्या. आकडा ट्रेलरला अगदी बेतून शिवल्यासारखा वाटला.

मार्च

एका डीलरकडे गेलो. विक्रेता म्हणाला, "पाच हजारांची क्षमता आहे, निर्धास्त न्या." मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावरचं पिवळं-पांढरं स्टिकर मोबाईलच्या उजेडात वाचलं. माणसं आणि सामान मिळून १,३१० पाउंडांच्या वर नको, असं तिथे छापलेलं होतं. हा त्या एका गाडीचा पेलोड, म्हणजे तिने अंगावर पेलायचं वजन. त्यात माणसं येतात, डिकीतलं सामान येतं, आणि ट्रेलरचा जो भार हिचच्या (गाडीमागच्या जोडणीच्या) गोळ्यावर टेकतो, तोही येतो.

घरी येऊन सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर वजन विचारलं. "गाडी घ्यायला माझं वजन कशाला लागतं गं?" त्या म्हणाल्या, पण जाऊन काट्यावर उभ्या राहिल्या. पाच जणांचे ५९१ पाउंड झाले. गोळ्यावर टेकणारा हा भार, म्हणजे टंग वेट, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी असला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. १३ टक्के धरले तर ६५०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे गोळ्यावरचा भार स्प्रिंग बारांनी पुढच्या चाकांकडेही वाटणारा जोड, स्वतःच ९० पाउंडांचा. कुकर, तांदूळ, खुर्च्या, मुलांच्या छोट्या सायकली असे १५०. बेरीज १,४८१, म्हणजे स्टिकरपेक्षा १७१ जास्त.

माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा येतो कुठून, तेही तपासलं. ओढण्याची क्षमता मोजायचं ‘जे २८०७’ नावाचं मानक बहुतेक कंपन्या पाळतात; त्यात गाडीत फक्त दोन माणसं धरतात, प्रत्येकी १५० पाउंडांची. चढाची परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, एसी चालू ठेवून. परीक्षा कडक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तिच्यात मागच्या सीटवर बसलेलं कुटुंब कुठेच नाही. म्हणून कळकळीने सांगते, डीलरकडे गेलात की आधी दार उघडा.

एप्रिल

मोठ्या गाड्यांकडे वळलो. एकाच लॉटवर एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या होत्या. महागडीला काचेचं छत, आपोआप उघडणाऱ्या पायऱ्या, मोठी चाकं. तिचा पेलोड साधीपेक्षा जवळजवळ दोनशे पाउंडांनी कमी! दर सोयीचं वजन त्याच स्टिकरमधून वजा होतं.

शेवटी जुनी फोर्ड एक्सपेडिशन घेतली, हेवी ड्यूटी टोइंग पॅकेजवाली. स्टिकरवर १,६१२. पॅकेजमुळे मोठा रेडिएटर आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर कंपनीकडूनच बसवलेला मिळाला. माझ्या मनात मात्र तिचा टर्बो होता, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्क्यांनी उतरते, आणि आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे एक तृतीयांश ताकद गायब. टर्बो असला की ती घट बरीच कमी होते.

मे

ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) तीन वजनं केली. नुसती गाडी, आम्ही चौघं आत बसून: ६,६२०, त्यात पुढच्या ॲक्सलवर ३,१४०. ट्रेलर जोडून, हिचचे स्प्रिंग बार न लावता: गाडी ७,२८०, ट्रेलरचे ॲक्सल ४,४००. म्हणजे टंग वेट ६६०, ट्रेलर ५,०६०, बरोबर १३ टक्के. पण पुढचा ॲक्सल २,९०० वर आलेला, आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागत होतं. बार लावले, पुढे ३,०८० परत आले. तो फरक बोटांनाही कळला.

मग बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत गेलो. चढ ठीकच गेला, खरी धाकधूक ७ टक्क्यांच्या उताराची होती. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचं, हे बाबांनी खंबाटकीत जीप चालवताना शिकवलेलं. टो-हॉल मोड (ओझं ओढताना गिअर खालचा धरून ठेवणारा) लावला, तिसऱ्या गिअरात ठेवली, ब्रेक मधूनच, थोडा वेळ पण ठाम दाबला. खाली थांबून चाकांजवळ हात नेला. जळका वास नाही, धग नाही.

उरलेलं काम: हिचचं डोकं (गोळा असलेला भाग) थोडं वाकवून बघायचं आहे, पुढचे ६० पाउंडही परत आणता आले तर हवेत. जूनमध्ये सासूबाई आल्या की ला व्हेटा खिंडीतून ग्रेट सँड ड्यून्सला जायचं आहे. ट्रेलरची पाण्याची टाकी घरून भरणार नाही. गॅलनला ८.३४ पाउंड पाणी खिंडीतून वर चढवण्यापेक्षा कॅम्पग्राउंडच्या नळावर भरू.