फेरीबोटीतली मगर

गोव्यात रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट म्हणजे जेमतेम दोन पानांचा प्रवास. परवा त्या दोन पानांत मी इतकी खदखदून हसले, की शेजारी नुस्त्याची, म्हणजे मासळीची, पाटी घेऊन बसलेली मावशी वळून म्हणाली, "कितें जालें गे बाय?"

काय सांगू तिला? एक माणूस मेलाय, बॅगेत कोंबलाय आणि त्याच्या घशात खेळण्यातली रबरी मगर. मयत म्हणजे मायामीच्या व्यापार मंडळाचा प्रमुख. जन्मभर 'या, फ्लोरिडाला या' हेच गात आलेला. ही अमेरिकी लेखक कार्ल हायासनची १९८६ची कादंबरी, 'टुरिस्ट सीझन'. हा गृहस्थ जन्माने फ्लोरिडाचाच, १९७६पासून 'मायामी हेराल्ड'चा बातमीदार, पुढे २०२१पर्यंत तिथलाच स्तंभलेखक. फ्लोरिडाच्या निसर्गाची जी नासाडी बातमीत रडगाणं वाटली असती, तीच कादंबरीत घालून त्याने लोकांना हसवलं. त्याच्या कादंबऱ्यांतला एक माजी गव्हर्नर तर खुर्ची सोडून रानात राहतो आणि गाड्यांखाली मेलेली जनावरं भाजून खातो! मुलांसाठीच्या 'हूट'मध्ये (२००२) पॅनकेकच्या दुकानासाठी जागा सपाट व्हायची असते, पण तिथे बिळांत पिटुकली घुबडं राहतात. मग एक अनवाणी पोरगा सर्व्हेच्या खुंट्या उपटतो आणि कामगारांच्या फिरत्या संडासात मगरी सोडतो.

ते खुंट्यांचं मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या पेडण्याच्या सड्यावर टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, तिथे असल्याच खुंट्या उगवतात. आमची अनवाणी पोरं मात्र आता बूट घालून साइटवर सुपरवायझर आहेत. (त्यात माझा एक भाचाही.) कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्यातल्या 'नजरचुका' दुरुस्त करता याव्यात म्हणून २०२३मध्ये गोव्यात नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं. नजर बघा कशी, नेमकी शेतावर आणि बागायतीवरच चुकलेली! हायासन यावर आणखी काय विनोद करणार?

मगरीचं म्हणाल तर आमच्याकडेही मगर करतात, पण चिखलाची. पौष अमावास्येला बांदोडा-दुर्भाटकडे खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातशेतात, 'मानगे थापणी' होते. चिखलाची मगर थापायची, अंगावर शिंपले खोचायचे आणि पुजायची. खाजनाचा बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं, हे पिढ्यान्पिढ्या सोसलेल्या माणसांची ती पूजा. कुंभारजुव्याच्या खाडीत खऱ्या मगरी आहेतच. त्या बघायला आता तिकीट काढून बोटीने जातात.

मावशीला मी एवढंच सांगितलं, की टुरिस्ट येऊ नयेत म्हणून पुस्तकातले लोक खून पाडतायत.

"मगीर? येवपाचे बंद जाले?"

"छे गो. अजून येतातच."

"येवंकच जाय," पाटी डोक्यावर चढवत ती म्हणाली. "ना जाल्यार म्हजें नुस्तें कोण घेतलो?"

फेरी चोडणला टेकली.