खुनाच्या गोष्टीत जिवती कशाला?

नाशिकच्या सावानातला (म्हणजे सार्वजनिक वाचनालयातला) कार्यक्रम असो की गंगेवरचा, म्हणजे आमच्या गोदाकाठचा भाजीबाजार, माझी कादंबरी वाचलेलं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला. "रहस्यकथा म्हणून घेतली, रंगलीही होती, मग मध्येच सटवाई, जिवती, कहाण्या कशाला घुसडल्यात? आणि १९०९चं नाशिक घेतलंत, तर जॅक्सनचा खून कुठाय?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं, आधी ते. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या कुणी झाडल्या, हे नाशिकच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्या कान्हेरेच्या नावाच्या मैदानावर आपण सकाळी फेऱ्या मारतो, त्याच्या गोळीत आता रहस्य कसलं उरलंय?

मला गुंतवलं ते त्या कलेक्टरच्या दुसऱ्याच उद्योगानं. जॅक्सन लोकसमजुती गोळा करायचा. भुतंखेतं, पाऊस, विहिरी, नजर लागणं... गावोगावच्या शाळामास्तरांकडून तो उत्तरं लिहून मागवायचा. तो मारला गेल्यावर ते कागद एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या साहेबानं लावले आणि छापले: १९१४ला गुजरातचा खंड, १९१५ला कोकणचा. तळटीपांमध्ये जागोजाग 'अमुक गावचा शाळामास्तर' एवढीच ओळख. त्यातल्या बऱ्याच जणांना नावसुद्धा नाही.

त्या बिननावाच्या मास्तरांनी माझी झोप घालवली. प्लेगनं घरंच्या घरं ओस पडण्याचे दिवस. अशात साहेबाचा कागद येतो: तुमच्या गावी सटवाईला काय मानतात? ज्याची स्वतःची लेक नुकतीच आडात सापडलीय, असा मास्तर त्यावर काय लिहील? माझा मास्तर (हा मात्र सगळा माझ्या मनातला) दोनदा उत्तर लिहितो. एक कागद कचेरीत जातो, एक घरात राहतो. दोन्हींतली सटवाई एक नाही. कचेरीतल्या कारकुनाच्या हाती दोन्ही कागद लागतात आणि तिथून तपास सुरू होतो. कहाण्या 'घुसडल्या' म्हणता, पण माझ्या पुस्तकात पुरावा म्हणून आहे तो तेवढाच.

आणि रहस्यकथा आपल्याकडे साहेबानं आणली, हे मला मुळीच पटत नाही. श्रावणातल्या शुक्रवारची जिवतीची कहाणी आठवा. राजाला मूल नाही. राणी सुईणीला फितवते, भुयार खणवते, गरीब बाळंतिणीचे डोळे बांधायला लावते. बाळ भुयारातून राजवाड्यात आणि आईपुढे वरवंटा, हाच तुला झाला म्हणून! गुन्हा आहे, कट आहे, साथीदार आहे, खोटा पुरावा आहे. उलगडा व्हायला मूल मोठं होऊन गादीवर बसावं लागतं. तोवर ती आई काय करते? दर शुक्रवारी तांदूळ उडवते आणि म्हणते, जिथं माझं बाळ असेल तिथं ते खुशाल असो. घरच्यांनी वरवंटा मान्य केला, हिनं केला नाही. पोलीस नाहीत, पंचनामा नाही. खटला एकटीनं चालू ठेवलाय. इतका चिवट शोध घेणारं पात्र मला तरी लिहिता आलेलं नाही.

आमच्या आजीच्या तोंडी या कहाणीत एक जादाचा तुकडा होता. छापील पोथीत गादीवर बसलेला तो मुलगा, म्हणजे नवा राजा, काशीला जातो. आजीचा राजा आधी रामकुंडावर थांबायचा आणि तिथं कुणीतरी त्याच्या बहिणीचं नाव विचारायचं. कहाणीत त्याला बहीणच नाही! आम्ही पोरं हसायचो. आजी सांगत राहायची.

पुढे आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. गुरुजींनी गाव, आडनाव विचारलं आणि लाल फडक्यातली लांबट वही सोडली. कडा तेलकट, मधली पानं पिवळी पडून कडकडीत झालेली. आजोबांची नोंद मोडीत होती. गुरुजी बोट फिरवत वाचत गेले: वडील, चुलते, मुलगे आणि मग एका मुलीचं नाव. हे नाव आमच्या घरात कुणी कधी उच्चारलेलं नव्हतं. भावानं माझ्याकडे पाहिलं. गुरुजींना त्यात काही वावगं वाटलं नाही, त्यांनी खाली आईचं नाव घातलं, आमच्या सह्या घेतल्या आणि दक्षिणेकडे वळले.

तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं. आजी बोलली असेल तर ती त्या जादाच्या तुकड्यातच, श्रावणात, देवीच्या आडून. सरळ विचारलं असतं तर 'तसलं काही नाही' म्हणाली असती, याची मला खात्री आहे. दुःखातलं माणूस जबाब देत नाही, गोष्ट सांगतं. आणि ऐकीव गोष्टीत त्याने स्वतःचं काय मिसळलं, तिथं बोट ठेवावं लागतं. माझा कारकून एवढंच करतो. त्याला हुशार म्हणणाऱ्या वाचकांचे आभार, पण तो फक्त चांगला ऐकणारा आहे.

घाई असेल तर सटवाईचं प्रकरण गाळून वाचा, माझी तक्रार नाही. मुलीला आडात कुणी ढकललं, ते तरीही कळेल. ते ठाऊक असून मास्तर गप्प का राहिला, ते मात्र त्याच प्रकरणात आहे.