तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं महाग मशीन, मग गाणी घरी बसून का मोजता?

"ताई, लाखालाखांची मशिनं घेतलीत, मग हे सगळं ती करत नाहीत का?"

हळदीला डीजे म्हणून गाणी वाजवायच्या ऑर्डरी घ्यायला लागल्यापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. गिऱ्हाईक विचारतं, टेम्पोत स्पीकर चढवणारी मुलं विचारतात. रात्री दीडला हेडफोन लावून एकच कडवं दहाव्यांदा ऐकत बसलेली दिसले की कोपरीच्या आमच्या घरात सासूबाईही विचारतात. प्रत्येक वेळी मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळी होते. आज नीट सांगते, कारण या गोष्टीचा मला खरोखर त्रास होतो.

माझ्याकडे गाणी वाजवायचे दोन डीजे प्लेअर आहेत. एकेकाला अडीच लाखांच्या वर मोजलेत, हप्ते अजून चालू आहेत. आवाज स्वच्छ, चाक हाताला लोण्यासारखं, पडदा मोठा. पेनड्राइव्ह लावला, गाणं घेतलं की पडद्यावर त्या गाण्याची लाटांची पट्टी दिसते. पट्टीवर ठरावीक अंतराने उभ्या रेघा असतात, त्याला आम्ही ग्रिड म्हणतो. प्रत्येक रेघ म्हणजे एक ठोका. बाजूला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, आणि गाण्याचा सूर. या रेघा बरोबर असतील तर सिंकचं बटण दाबून दोन गाणी एका चालीत आणता येतात, लूप, म्हणजे परत परत फिरवायचा तुकडा, अचूक कापता येतो, इफेक्ट ठोक्यावर पडतो. रेघा चुकल्या तर यातलं काहीच धड होत नाही.

या रेघा दोन ठिकाणी आखल्या जातात. एक, घरी लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथून त्या पेनड्राइव्हवर जातात आणि प्लेअर त्या नुसत्या वाचतो. दुसरं म्हणजे, तयारी न केलेलं गाणं कुणी हातात दिलं तर प्लेअर ते वाजवायला घेतल्यावर स्वतः मोजायला बसतो. माझी तक्रार या दुसऱ्या मोजणीबद्दल आहे.

कॉम्प्युटरवर बनवलेलं क्लबचं गाणं, 128 बीपीएम, पहिल्यापासून शेवटपर्यंत चार-चारच्या मापात, हे मशीन काही सेकंदांत मोजतं आणि क्वचितच चुकतं. तिथे मला काही म्हणायचं नाही. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी जे वाजवते त्यातलं निम्मं तसं नसतं.

दोन वर्षांपूर्वी गोठिवलीत हळद होती. कळवा पूल, विटावा, दिघा, ऐरोली करत टेम्पो पोचायलाच उशीर झाला होता. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासूनचा आहे आणि मी तो पाळते. नऊ वाजून दहा मिनिटांनी नवऱ्या मुलाचे काका स्टेजजवळ आले. हातात पेनड्राइव्ह. "पोरी, आमच्या पार्टीचं गाणं आहे यात. एवढं एक लाव." ते तरुणपणी बँजो पार्टीत वाजवायचे. त्या पार्टीने एकदा गाणी ध्वनिमुद्रित केली होती, आणि घरातल्या कुणीतरी ती कॅसेटवरून उतरवून घेतली होती.

चालू गाणं 104 वर होतं, आगरी ठेक्याचंच, स्टुडिओत नीट बांधलेलं. मी काकांचं गाणं दुसऱ्या प्लेअरवर घेतलं. पट्टी हळूहळू भरत होती, आकड्याची जागा रिकामी. इकडे शेवटचं कडवं सुरू झालेलं. मग आकडा आला: 156. मला वेळ नव्हता, मी मशीनवर विश्वास ठेवला आणि सिंक दाबलं. मशीनने 156 चं गाणं ओढून 104 वर आणलं. म्हणजे एक तृतीयांश वेग कमी. सूर धरून ठेवायची सोय चालू असल्यामुळे आवाज फाटून थरथरायला लागला. मांडवातले नाचणारे थांबले. काकांचे हात वर गेलेले होते, ते तसेच राहिले.

मी सिंक काढलं, गाणं पहिल्यापासून त्याच्या मूळ वेगात लावलं आणि मांडव परत नाचायला लागला. पण नंतर जेवताना काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कॅसेट जुनी आहे गं, खराब झाली असेल." ते वाक्य मला आजही टोचतं. कॅसेटमध्ये काहीही खराब नव्हतं. गाणं 104 चंच होतं, आणि त्यांच्या ढोलकीवाल्याने ते फार सुंदर वाजवलं होतं. चूक मशीनची होती, आणि तो माणूस ती स्वतःच्या गाण्यावर घेऊन गेला.

ती चूक कशी झाली ते सांगते, कारण ती योगायोगाने झालेली नाही. मशीन आवाजात अचानक येणारे उठाव शोधतं आणि ते किती अंतराने परत येतात ते बघतं. आपल्या आगरी-कोळी गाण्यांची चाल बहुतेकदा सहाच्या मापात असते. मी लहानपणी नौपाड्यात तबला शिकले, तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच दादरा हातात बसवून घेतला होता: धा धी ना, धा तू ना. तीन आणि तीन. काकांच्या गाण्यात मिनिटाला 312 बारीक आघात होते. तीन-तीनचे गट केले तर 104 ठोके होतात, पाय तसेच पडतात. दोन-दोनचे गट केले तर 156 होतात. मशीनला जोडीने मोजायची सवय आहे, म्हणून त्याने दोन-दोनचे केले. मांडवातल्या पाच वर्षांच्या पोरालाही पाय कुठे टाकायचा ते कळत होतं.

बरं, आकडा बरोबर आला तरी पुढे मापाचा घोळ आहेच. मशीन दर चार ठोक्यांनंतर ठळक रेघ ओढतं, तिला ते सम, म्हणजे तालाच्या फेरीची (आवर्तनाची) पहिली मात्रा, समजतं. दादरा संथ असेल आणि मशीनने एकेका मात्रेलाच ठोका धरलं, तर सहाचं आवर्तन आणि मशीनचं चार, ही दोन्ही बारा मात्रांनी एकदा भेटतात. रूपक असेल तर सात आणि चार, म्हणजे अठ्ठावीस मात्रांनी. मधल्या सगळ्या ठळक रेघा खोट्या. चार ठोक्यांचा लूप लावला की तो आवर्तन मधेच तोडतो. ऐकणाऱ्याला नक्की काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण त्याचा पाय अडखळतो.

आणि लय. माणसाने वाजवलेलं गाणं एका वेगात राहत नाही, राहूही नये. गोंधळ संबळावर हळू सुरू होतो आणि चढत जातो. लावणीत शेवटी ढोलकी जी धाव घेते तिच्यासाठीच लोक थांबलेले असतात. प्लेअर मात्र एक आकडा काढतो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच अंतराने रेघा मारून मोकळा होतो. ग्रिड 120 ची आहे आणि वाजवणारा 121 ला पोचला, एवढाच फरक धरा. अर्ध्या मिनिटात मशीन 60 ठोके मोजेल आणि गाण्यात साडेसाठ झालेले असतील. म्हणजे रेघ बरोबर दोन ठोक्यांच्या मधे. एका बीपीएमच्या फरकाला अर्धं मिनिट पुरतं, आणि लावणी तर दहा-पंधराने चढते.

सुराचं थोडक्यात सांगते. मशीनकडे एकूण 24 नावं आहेत, बारा मेजर आणि बारा मायनर. भैरवात रिषभ आणि धैवत कोमल, पण गंधार आणि निषाद शुद्ध. या 24 मध्ये तो कुठेच बसत नाही, तरी मशीन एक नाव चिकटवतंच. कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्यांत आणखी एक भानगड असते. वेगात साधारण सहा टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो. टेपरेकॉर्डर तीन टक्के जलद चालला असेल तर गाणं पेटीच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे येतं. म्हणून जुन्या गाण्यांचा सूर मी पेटीवर लावून बघते आणि पडद्यावरच्या नावाकडे बघत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मशीन आहे, चुकणारच. हे मला मान्य आहे. तीन आणि दोनचा हा गोंधळ सोडवणं सोपं नाही, हेही मला कळतं. माझा राग दुसऱ्या दोन गोष्टींवर आहे.

एक म्हणजे मशीन कधीच म्हणत नाही की मला खात्री नाही. 128 चं क्लबचं गाणं असो की काकांची कॅसेट, आकडा तेवढ्याच ठळक अक्षरात, पॉइंटनंतरच्या आकड्यासकट येतो. त्या रात्री पडद्यावर नुसतं एक प्रश्नचिन्ह असतं तरी मी सिंकला हात लावला नसता. आणि दुसरं, चूक दिसली तरी ती तिथल्या तिथे सुधारायची सोय नाही. माझ्या प्लेअरवर ग्रिड थोडी पुढे-मागे सरकवता येते, बस. 156 चे 104 करता येत नाहीत. तीनचं माप सांगता येत नाही. कडव्यानंतर लय चढली तर तिथून नवीन अंतर देता येत नाही. दोन्ही प्लेअर जोडलेल्या मिक्सरवर बोटाने ठोका द्यायचं बटण आहे, पण ते इफेक्टपुरतं; प्लेअरची ग्रिड त्याचं ऐकत नाही. एवढा मोठा, बोटाने चालणारा पडदा समोर असताना, जिचे कान बरोबर ऐकतायत तिला मशीनला "थांब, असं मोज" म्हणता येऊ नये?

विकणाऱ्याकडे गेले तेव्हा उत्तर मिळालं, "मॅडम, गाणी लॅपटॉपवर तयार करून आणायची असतात." हो, लॅपटॉपवर बदलत्या लयीसाठी वेगळा पर्याय असतो, ग्रिड हाताने ओढता येते. पण मग प्लेअरमध्ये मोजणी दिली कशाला? ती दिली आहे ती आयत्या वेळी आलेल्या गाण्यासाठीच. आणि हळदीत आयत्या वेळी येणारं गाणं कुठलं असतं? बाजारात सगळीकडे मिळणारं तर माझ्याकडे आधीच असतं. आयत्या वेळी येतं ते घरचं गाणं. काकांच्या पार्टीचं, आत्याने गायलेलं, फोनवर धरून ठेवलेलं धवलारणीचं, म्हणजे लग्नात धवले ही पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या बाईचं. धवल्याला तर ठेकाच नसतो, शब्दाच्या श्वासावर चालतो. मी एकदा मुद्दाम मशीनला मोजायला दिला. आकडा आला.

1979 साली टेक्निक्सच्या एसएल-1200 एमके2 या टर्नटेबलवर, म्हणजे तबकड्या वाजवायच्या यंत्रावर, वेगासाठी एक सरकपट्टी आली, आठ टक्के वर, आठ टक्के खाली. मोजणी नव्हती, पडदा नव्हता. एक कान हेडफोनला, दुसरा मांडवाला, आणि बोट पट्टीवर. मी शिकले ते सीडीच्या काळात, पण शिकवलं मला तसंच गेलं होतं. काकांचं गाणं त्या रीतीने पाच सेकंदांत जुळलं असतं. पडद्यावर आकडा दिसला म्हणून मी कान बाजूला ठेवले, याची खंत मला आहेच.

तर घरी बसून मी काय करते ते हे. नवीन गाणं आलं की पहिल्यांदा पडदा झाकते आणि हाताने ताल धरून ऐकते. सहाचं आहे का चारचं, ते वहीत लिहिते. मग लॅपटॉपवर ग्रिड पुसून पहिली सम स्वतः ठेवते. सुरुवातीला नुसती आलापी किंवा तुणतुणं असेल तर तो भाग सोडून ढोलकी पडते तिथे. पुढे प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी थांबून रेघ खरंच ठोक्यावर आहे का ते बघते, नसेल तर तिथून पुन्हा बांधते. मात्रेमात्रेने मोजलेल्या सहाच्या गाण्यात चारचे लूप चालत नाहीत, म्हणून आवर्तनाच्या सुरुवातीला हाताने क्यू, म्हणजे थेट तिथे उडी मारायची खूण, टाकते. चार मिनिटांच्या गाण्याला कधी वीस मिनिटं लागतात, लावणीला तास. काकांचं गाणं मी त्यांच्याकडून मागून घेतलं होतं. त्याला दोन रात्री लागल्या. मधे एका ठिकाणी ढोलकीवाला जाणूनबुजून मागे राहतो आणि मग सगळ्यांना गाठतो, ती जागा मला तशीच ठेवायची होती.

मागच्या वर्षी त्याच घरात धाकट्या मुलाची हळद झाली. तेव्हा ते गाणं मी दुसऱ्या आगरी गाण्यातून असं आत आणलं की जोड कळली नाही. काका मांडवातून बोट दाखवून शेजारच्याला सांगत होते, "हा मी. हा बँजो माझा."

तेव्हा ज्यांची हळद या मोसमात आहे त्यांना माझं एकच मागणं आहे. बाजारातल्या गाण्यांची यादी आदल्या दिवशी दिलीत तरी चालेल. पण घरचं काही असेल, कॅसेट, जुनी सीडी, फोनमधलं काहीही, तर ते मला चार दिवस आधी आणून द्या. कॅसेट उतरवायचं काम मी करते, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.