पक्षी मोजून काय मिळतं?

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर जलाशयाकाठी, खाणगाव थडीला दुर्बीण लावून उभी असले की शेताकडे निघालेलं कुणीतरी हटकून विचारतं, "ताई, पक्षी मोजून काय मिळतं?" घाईत धड उत्तर देता येत नाही. म्हणून आज नीट सांगते.

नांदूर मध्यमेश्वरचं पाणी माणसानंच अडवलेलं. गोदावरी-कादवेच्या संगमाशी इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, गाळ साचला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी आले. २०२० मध्ये हे राज्यातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. म्हणून माणसाचा हात लागला की पक्षी जातात, हे मला पटत नाही. हात कसा लागला, ते बघावं लागतं.

शेकाटे, तुतवार या काठाशी चरणाऱ्या पक्ष्यांना घोटाभर पाणी आणि उघडा चिखल हवा. धरणातून सिंचनाचं आवर्तन सुटून पाणी वीतभर चढलं की चिखल बुडतो, तुतवार उठून जातात. बदकं मात्र तिथेच पोहत असतात. त्या दिवशीचा नुसता आकडा वाचला, तर तुतवार संपत चाललेत असं वाटेल! म्हणून वहीत आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहिते. पक्षी चरत होते, झोपले होते की माना उंचावून सावध होते, तेही लिहिते. फोटोसाठी कुणी फार जवळ सरकलं की अख्खा थवा उठतो. थवा पुन्हा बसतो, आकडा तोच राहतो. पण चरण्याचा वेळ गेलेला असतो आणि परतीच्या प्रवासासाठी साठवायची चरबीही उडण्यात खर्च होते.

आणि गिधाडं. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आजही आहेत. १९९० च्या दशकात देशभर गिधाडं मरू लागली. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात पक्षी-अभ्यासक डॉ. विभू प्रकाश यांच्याकडे १९८० च्या दशकातली मोजणी होती, म्हणून घट किती मोठी आहे ते कळलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याचं कारण असल्याचं २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आलं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. जुनी मोजणी नसती, तर "हल्ली गिधाडं दिसत नाहीत" यापुढे बोलणंच गेलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात एक द्राक्षबागायतदार काका बांधावर थांबले. त्यांच्या हरभऱ्यात पूर्वी क्रौंच उतरायचे, म्हणाले. कधीपासून यायचे थांबले, ते त्यांना आठवेना. मी वही चाळली. माझी पहिली नोंदच त्यानंतरची होती.